रुमालाखालचं बोट

अमरावतीच्या बाजारात आजकाल सोनाजी दलालाची जी गोष्ट सांगतात, ती साफ खोटी आहे. म्हणे सोनाजीला मंत्र येत होता! म्हणे दिवस बुडायला लागला की तो उघड्या छातीवर फुलं उमलवायचा आणि सकाळी मिटवून टाकायचा! परवा एक पानवाला मलाच ही गोष्ट सांगायला लागला, आणि मी पान न घेता उठलो. मंत्र नव्हता बाप्पा, रोग होता. त्या दिवशी मी तिथं होतो, पहिल्या रांगेत होतो, आणि सोनाजी ज्या कापसाच्या बोजावर बसला तो बोजा माझ्या गाडीतून उतरवलेला होता. मी काही शिकलेला माणूस नाही. पंतोजीच्या छपरीत धुळीवर अक्षरं गिरवली, जोडाक्षरं आली तशी मी पळालो आणि बैलांत रमलो. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. ते मी लिहिणार, आणि जसं झालं तसंच लिहिणार.

आधी तो बाजार समजून घ्या. तो पुन्हा होणे नाही! सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला, आणि इकडं आमच्या काळ्या मातीच्या बोंडांना सोन्याचं मोल आलं. बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत गाड्याला गाडा लागलेला. रस्त्याच्या बाभळी कापसाच्या झुबक्यांनी अशा पांढऱ्या झालेल्या की जणू त्याच पिकल्या. लोक नुसते नाचत होते. मी माझ्या बैलांना जिलेबी चारली आहे, जिलेबी! लोक हसले. हसू द्या. माझ्या खिलाऱ्यांसारखी जोडी साऱ्या तालुक्यात नव्हती, त्यांनी खाल्ली तर काय बिघडलं?

आणि त्या बाजाराच्या मधोमध सोनाजी. माझा शेजारी, माझ्याच वयाचा, तिशीही न गाठलेला. उंच, काटकुळा, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर पिवळा रुमाल. त्या रुमालात त्याचा सगळा धंदा. तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकत, आणि आत बोटांनी बोलणं चाले. घेणारा जितकी बोटं धरील तेवढा भाव. दलालाला मंजूर असेल तर त्यानं बोटं तशीच सरळ ठेवायची. नामंजूर असेल तर धरलेलं बोट मुडपून तळहातात ओढून घ्यायचं. रुमाल उचलला तेव्हा बोटं सरळ असली की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी फिरायचा नाही.

आणि तोंड? तोंडानं वाटेल ते बोलावं. आजूबाजूच्या लोकांना भाव कळू नये म्हणूनच ते बोलायचं. तोंडाचं बोलणं कोणी धरत नसे. सोनाजी तर त्यात उस्ताद. आत बोटं शांतपणे भाव चढवत असायची आणि वर याचा आकांत, "मेलो रे मेलो! लुटला रे मले! बायकोले काय तोंड दाखवू?" एकदा मुंबईहून नवा आलेला एक व्यापारी खरंच घाबरला, सौदा सोडून पाणी आणायला उठला. सोनाजी त्याच्या धोतराचा सोगा धरून म्हणाला, "अहो बसा शेटजी, मी मजेत हाव. तुमीच अजून एक बोट धरा."

त्याची एक म्हण होती, दिवसातून चारदा ऐकवायचा. "तोंड बाजाराचं, बोटं इमानाची."

हातांना असा जपायचा की बायका हसत. तिळाचं तेल लावायचा, कुऱ्हाड धरायचा नाही, गाय पिळायचा नाही, बोटात अंगठी नाही. अंगठी रुमालाखाली चुगली करते म्हणे. त्याची बायको गिरजावैनी म्हणायची, "मायं लगन या माणसाच्या हाताशी झालं, बाकीचा माणूस वरून फुकट भेटला."

पोळ्याच्या दिवशी आमच्या ओट्यावर खेळ व्हायचा. सोनाजीच्या डोळ्यांवर पागोटं ओढायचं आणि एकेकानं रुमालाखाली हात द्यायचा. हा नुसत्या बोटांवरून नाव सांगायचा. माझा हात तर कासऱ्याच्या घट्ट्यांवरून लगेच ओळखी. एकदा आमच्या सुताराचा हात धरून म्हणाला, "भौ, सकाळीच वैनीसंगं भांडून आलास." सुतार उडालाच! "तुले कसं कळलं बे?" "मूठ अजून सुटली नाई तुई."

अशा माणसाच्या बोटांवरच देवानं डोळा ठेवावा!

ऐन मोसमात, थंडी पडायला लागली तेव्हा, सोनाजीचा घसा धरला. आम्ही म्हटलं, ओरडून ओरडून धरला असेल. मग ताप आला. वैद्यबुवा आले, काढा दिला. घसा सुटला, पण ताप काही जाईना, आणि सांधे धरायला लागले. आधी गुडघे, मग घोटे, मग दोन्ही मनगटं. वैद्यबुवांनी आमवात सांगितला, सुंठ आणि एरंडेल सुरू केलं. वैनी शेकून शेकून दमली.

आता खरी गंमत ऐका. गंमतच म्हणतो, कारण तेव्हा आमची डोकी चक्रावून गेली होती. सोनाजीला पाहायला आलेला प्रत्येक माणूस वेगळंच सांगत बाहेर पडायचा! सकाळी आलेला म्हणे, "अरेरे, लाकूड झालं माणसाचं. पाण्याचा लोटा धरता येत नाही." दुपारी आलेला म्हणे, "कशाचा आजार? ओट्यावर बसून गाणं म्हणून राहिला." आणि दिवेलागणीला आलेला धावत बाहेर यायचा, "दूर व्हा रे! अंगावर पुरळ उठला. देवी आल्या, देवी!" मग कोणी दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, आणि सकाळी येऊन पाहतो तर अंग साफ! ना फोड, ना खपली, ना डाग. मग तोच माणूस चिडायचा, "आमाले बनवतो काय बे?" एक म्हातारी तर कुजबुजली, महारोग आहे. त्या शब्दानं गल्लीतल्या लोकांनी वैनीच्या हातचं पाणी घेणं सोडलं.

सोनाजी ऐकणारा नव्हता. दुपारी बरं वाटलं की रुमाल टाकून बाजारात हजर. दुपारचे सौदे छान व्हायचे. पण एक दिवस घोटाळा झाला, आणि तो घोटाळा आमच्या बाजाराशिवाय दुसरीकडं कुठं होऊच शकला नसता.

किसनजी पाटील म्हणून एक बडा असामी होता. रिद्धपुराकडचा, मानी, तोंडाचा फटकळ. त्याचे गाडे वर्षानुवर्षं सोनाजीच्याच हातानं विकले जायचे. त्या दिवशी भाव चढणार अशी कुणकुण एका शेटजीला आधीच लागली, आणि तो उन्हं यायच्या आधी किसनजीच्या गाड्यांपाशी येऊन बसला. सोनाजीला बोलावणं गेलं. वैनी नको नको म्हणत असता तो लंगडत आला. हातांवर रुमाल पडला. शेटजीनं बोटं धरली, भाव फारच कमी धरला. सोनाजीनं बोट मुडपायला घेतलं, आणि बोट मुडपेचना! सकाळची वेळ, सांधे लाकडासारखे. तो ओरडला, "नाई! नाई! मंजूर नाई!" घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. पण त्याचं ओरडणं कोण धरतो? तो रोजच ओरडायचा, रोजच रडायचा! बाजूचे लोक तर हसले, "आज काय रंगला आहे सोनाजी!" शेटजीनं वाट पाहिली, बोटं सरळच. रुमाल उचलला. सौदा पक्का.

दिवस वर आला आणि भाव भडकला. किसनजीनं आपला कापूस कोणत्या भावात गेला ते ऐकलं आणि भर बाजारात सोनाजीची गचांडी धरली.

"शेटजीनं काय चारलं तुले? सांग ना बे! वीस वर्षं आमच्या घरचं मीठ खाल्लं तुया बापानं अन् त्वा!"

"पाटील, बोट वळलं नाई हो. देवाशपथ बोट वळलं नाई."

"बोट वळलं नाई! अन् आता कसं वळून राहिलं?"

खरंच, दुपार झाली होती, आणि सोनाजी हात जोडत होता, सारी बोटं व्यवस्थित वळत होती.

किसनजीनं बाजारच्या चौधरीकडं फिर्याद नेली. आमच्याकडं रीत अशी की दलाल बेइमान ठरला तर भर चौकात त्याचा रुमाल फाडायचा. फाडला की संपलं. मग तो कुठल्याही बाजारात कोणाचाही हात धरू शकत नाही. अकोला नाही, मूर्तिजापूर नाही, कुठंच नाही. चौधरी भला माणूस. म्हणाला, होळीच्या आधी निवाडा करू, तोवर काय पुरावा असेल तो आण.

त्या संध्याकाळी सोनाजी तापानं फणफणत पडला होता, आणि एकच गोष्ट बडबडत होता, "रुमाल फाडतील रे. माया बोटायले बेइमान म्हनतील." मी म्हटलं, बस्स झालं. अकोल्याला एक म्हातारे हकीमसाहेब होते, मोर्णेच्या काठी किल्ल्याच्या सावलीत राहायचे. आमच्या गाडीवानांत त्यांचं मोठं नाव. दुसऱ्या दिवशी मी गाडी जुंपली, खाली कडबा, वर गोधडी, सोनाजीला निजवलं, वैनी बसली, आणि निघालो. मूर्तिजापूरच्या पुढं आगगाडीच्या रस्त्याचं मातीकाम चाललं होतं. हजार माणूस टोपल्या उचलत होतं. सोनाजी गोधडीतून मान वर करून म्हणतो, "पाय कसे चालून राहिले लोकायचे! मस्त!" आजारी माणूस, पण तमाशा पाहायची हौस गेली नव्हती.

हकीमसाहेब पांढऱ्या दाढीचे, डोळे मात्र पोरासारखे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, सांधे दाबले. म्हणाले, "आज काही सांगत नाही. इथंच राहा. माझ्या अंगणात खाट टाका."

बस, हीच ती किल्ली! बाकी साऱ्यांनी सोनाजीला एकदा पाहिलं आणि मत दिलं होतं. हकीमसाहेबांनी त्याला अंगणात ठेवला, आणि येता-जाता, नमाजाआधी वजू करता, जेवता, दर वेळी पाहिला. पहिल्याच सांजेला छातीवर, पोटावर, दंडावर पुरळ उठला. फिका गुलाबी, पळसाची फुलं पाण्यात चुरून शिंपडावीत तसा. हकीमसाहेबांनी बाभळीचा काटा घेतला आणि न सांगता एका डागावर टोचला.

सोनाजीनं त्यांना अशी शिवी दिली की मी कान झाकले. पण हकीमसाहेब टाळी वाजवून हसायला लागले! "शाबास मियाँ! शिवी दिलीस, म्हणजे महारोग नाही. त्या रोगाच्या डागाला काटा कळत नाही."

वैनी तिथंच मटकन बसली आणि रडली. किती दिवसांचं रडणं होतं ते.

दोन-चार दिवसांत हकीमसाहेबांनी एकेक गोष्ट बाजूला काढली. देवी नाहीत, कारण देवीचा फोड पिकतो, खपली धरतो, रातोरात पुसला जात नाही. आणि एवढ्या दिवसांत वैनीला काही झालं नाही. हिवताप नाही, तो असा सांधे धरत नाही. म्हातारपणाचा संधिवात नाही, तो असा रोज भडकून उतरत नाही. मग त्यांनी वैनीला विचारलं, "बेटी, तू काय पाहिलंस ते सांग. तू तर रोज पाहतेस."

वैनी पदर सावरून म्हणाली, "काय सांगू बाबा? सकाळी मले वाटते माया घरी सासरा हाय. दुपारी पाह्यतो तं नवरदेव. अन् दिवेलागणीले देवीचा भगत."

हकीमसाहेब उठून उभेच राहिले. "वाहवा! हेच! ताप, पुरळ आणि सांधे, तिघंही एकाच गाडीतून येतात. सांजेला गाडी येते, रात्रीतून घाम येऊन ताप आणि पुरळ उतरतात, पण सांध्यांचं ओझं सकाळपर्यंत राहतं. दुपारी गाडी रिकामी." मग हळू म्हणाले, "असा मरीज मी सगळ्या उमरीत एकच पाहिला, बाळापूरचा एक जवान गवंडी. तेव्हा मला समजलं नव्हतं. आज समजलं. नाव मात्र विचारू नका, माझ्या किताबात या आजाराला नाव नाही."

"तो गवंडी मेला?" वैनीनं विचारलं.

"नाही बेटी. वर्षभर छळलं, मग ताप गेला. मनगटं मात्र जाम झाली. पुन्हा गवंडीकाम नाही केलं, पण जगला."

त्यांनी सुरंजानची पुडी दिली, शेक सांगितला, दगदग नको म्हणाले. समूळ जाईल असं खोटं बोलले नाहीत. दुखणं थोडं हलकं झालं, एवढंच.

पण सोनाजीचं लक्ष पुडीकडं नव्हतंच. तो विचार करत होता. एकाएकी खाटेवर ताठ बसला. "म्हनजे सकाळवाला खोटा नाई, दुपारवाला खोटा नाई, अन् सांजवालाही खोटा नाई! ज्यानं त्यानं बोजाचा वरचा कापूस पाह्यला! अरे, आपुन कापूस घेतो तं काय करतो? हात खालपावतर घालतो, मंधातला पाह्यतो, बुडातला पाह्यतो, मंग भाव. मी पुरा बोजा उघडतो चौधरीपुढं! सकाळपासून दिवेलागणीपावतर, भर बाजारात, उघड्या अंगानं बसतो. पाहा म्हनावं!"

हकीमसाहेब गंभीर झाले. "मियाँ, आजार तुझा नोकर नाही. एखाद्या दिवशी यायचाच नाही. मग?"

"मंग रुमाल फाडतील. तसाही फाडूनच राहिले."

म्हातारा माझ्याकडं वळून म्हणाला, "गाडीवान, परतीला माझीही जागा ठेव. हा तमाशा मी चुकवणार नाही."

आता तो दिवस. पळस फुलले होते. बाजार असा भरला की जत्रा! झाडांवर माणसं, गाड्यांच्या जुवांवर माणसं. सोनाजी माझ्या बोजावर बसला, कमरेला धोतर, बाकी उघडा. मांडीवर पिवळा रुमाल. चौधरी समोर, किसनजी शेजारी, मिशीला पीळ देत. दूर शेटजीही.

सकाळी चौधरी म्हणाला, "पाटील, तुमीच हात धरा." किसनजीनं रुमालाखाली हात घातला आणि बोट मुडपायला लागला. सोनाजी असा किंचाळला की पाखरं उडाली. आणि लोक? लोक हसले! "अरे वा, सुरू झाला सोनाजी!" "मुंबईच्या शेटजीले पाणी आणायले धाडा रे!" वर्षानुवर्षं खोटं रडला होता ना, आज खरं रडला तर कोण मानतो? किसनजी हात काढून म्हणाला, "सोंग आहे. बोट ताठ करता मलेबी येते."

दुपार झाली. सोनाजीची बोटं सुटली, एकेक करून छान मुडपली. त्यानं स्वतःच दाखवलं. लपवलं नाही. तेव्हा तर हशा उसळला. किसनजी उठून ओरडला, "पाहा! सकाळी ताठ, दुपारी नरम! पुरं झालं. चौधरी, फाडा रुमाल!"

"पुरा दिवस ठरला हाय पाटील," सोनाजी म्हणाला. "अजून बोजाचं बूड पाह्यलं नाई तुमी."

उन्हं कलली. सावल्या लांबल्या. रोज याच वेळेला त्याला हुडहुडी भरायची. आज काही नाही! मी त्याच्याकडं पाहतो, हकीमसाहेब त्याच्याकडं पाहतात, अंग थंड. लोक उठायला लागले. गाड्या जुंपायचे आवाज आले. माझा जीव असा वर आला की मी बैलांच्या शिंगांना हात लावून नवस बोललो. वैनी माझ्याजवळच उभी होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊजी, कोनती बाई नवऱ्याले ताप येवो म्हून हात जोडते हो?"

मी पुन्हा बैलांची शिंगं धरली.

चौधरीनं रुमालाला हात घातला. आणि तेवढ्यात सोनाजीचे दात वाजले!

वाजले, मी ऐकले! खांदे हलायला लागले. हकीमसाहेब बोजावर चढून ओरडले, "ठहरो! सब ठहरो!" लोक वळले. आणि मग साऱ्या बाजाराच्या डोळ्यांदेखत, पश्चिमेकडून येणाऱ्या तांबड्या उजेडात, सोनाजीच्या छातीवर एक ठिपका उठला, मग दुसरा, मग गळ्याखाली, पोटावर, दंडांवर. हळूहळू फिका गुलाबी रंग चढत गेला. बायांनी "अगं माय" म्हटलं. कोणी हात जोडले, कोणी मागं सरला. हकीमसाहेबांनी त्याच्या पाठीवर नखानं एक हलकी रेघ ओढली, आणि थोड्या वेळात त्या रेघेवरूनही तोच रंग उठला, जणू कुंकवानं ओढावी तशी! ते म्हणाले, "पाटील, तोंडाचं सोंग येतं, बोटाचंही सोंग येतं म्हणू. कातडीचं सोंग करणारा माणूस मला दाखवा. रोज सांजेला हा ताप येतो, आणि सकाळी त्याच्या मागं सांधे गोठलेले राहतात. देवी नाहीत, महारोग नाही. हात लावा, मी लावला."

कोणी पुढं होईना. मी झालो. हे मी अभिमानानं सांगतो. मी सोनाजीच्या छातीवर हात ठेवला, तव्यासारखी तापलेली. चौधरी उठला, त्यानं ठेवला. किसनजी मात्र निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, उन्हं यायच्या आधी, किसनजी एकटाच सोनाजीच्या ओट्यावर आला. मी अंगणात बैल सोडत होतो म्हणून पाहिलं. सोनाजीच्या अंगावर रात्रीच्या फुलांचा मागमूस नव्हता. किसनजीनं पागोटं काढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि बोट धरलं. या वेळी जोर केला नाही. नुसतं धरून बसला, बराच वेळ. मला वाटतं त्या बोटातली धडधड त्याला लागली असावी. मग म्हणाला, "दुखते?"

"दुखते पाटील."

"त्या दिवशीबी असंच होतं?"

"असंच."

किसनजीनं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. "माये गाडे यापुढं दुपारी येतील. सकाळी कोनी बोलावलं तं सांग, पाटलानं मनाई केली." एवढंच. माफी वगैरे तो मागणारा नव्हता, आणि मलाही तसलीच माणसं आवडतात.

तेव्हापासून सोनाजी फक्त दुपारचे सौदे करायचा, आणि बाजारानं ते मान्य केलं. सूर्य डोक्यावर आला की लोक म्हणत, "चला, सोनाजीची वेळ झाली." फुलांची गोष्ट मात्र तोंडोतोंडी वाढत गेली, आणि मंत्र तिथूनच चिकटला. सोनाजीला त्याची चीड यायची. म्हणायचा, "मी पुरा बोजा उघडून दाखोला, तरी लोकायनं वरचाच कापूस नेला."

पुढं पाऊस-पाण्याचे दिवस संपता संपता ताप आपोआप थांबला. एकदा उलटून आला, मग नाही आला. तिकडली लढाई संपली, भाव कोसळले, जिलेबी खाल्लेले माझे बैल पुन्हा कडब्यावर आले. गवंड्याचं झालं तसंच सोनाजीचं झालं. दोन्ही मनगटं जाम झाली, दरवाजाच्या गंजलेल्या कडीसारखी. जेवताना सारा हात खांद्यापासून उचलायचा. पण बोटं वाचली. बोटं शेवटपर्यंत मुडपत होती.

त्याला मी अखेरचा पाहिला तो बडनेऱ्याच्या स्टेशनात. तोवर आगगाडी धावायला लागून बरीच वर्षं झाली होती. वैनीचे भाऊ मधल्या काळात अकोल्याला जाऊन राहिले होते, दोघं तिकडंच राहायला निघाले होते. सामान मी चढवलं. सोनाजी खिडकीशी बसला, केस पिकलेले, खांद्यावर तोच पिवळा रुमाल, आता धुऊन धुऊन मातीच्या रंगाचा झालेला. शिट्टी झाली. मला बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं, "सोनाजी, आता काही आपली भेट होत नाई गड्या. हीच शेवटची."

 तो डब्यातल्या लोकांकडं वळून मोठ्यानं ओरडला, "पाहा हो, हा गाडीवान मले लुटून राहिला! मेलो रे मेलो!" लोक हसले. आणि तेवढ्यात त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला, दुसऱ्या हातानं रुमाल आमच्या हातांवर टाकला. मी चाचपलं. मनगट लाकूड झालेलं, थंड. मी त्याचं एक बोट धरलं, ते सरळ होतं.

गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालायला लागलो, हात सोडला नाही. आणि रुमालाखाली ते बोट माझ्या मुठीतून हळूच सुटलं, आणि मुडपून आत गेलं.

नामंजूर.